संगणकांची झाडलोट

मलावीतल्या झोम्बा गावच्या त्या छोट्याशा प्रार्थना-रेडिओत खोल्या तीन, संगणक तीन आणि पळणारी एकटी तमांडानी. पाळक माक्विंजा, म्हणजे सगळ्यांचे अबुसा, पहिल्या खोलीत गाऊन प्रवचन करायचे. त्याची काटछाट दुसरीत, प्रसारण तिसरीत. तमांडानी पेन ड्राइव्ह घेऊन या खोलीतून त्या खोलीत. गेल्या रविवारी त्या गडबडीत लग्नाच्या प्रवचनाऐवजी मयताचं लागलं. नवरदेवाची आई येऊन भांडून गेली.

मंडळाच्या अध्यक्षांनी बजावलं, "आज तीनला नीट लागलं तर ठीक. नाहीतर तुझं काम ब्लँटायर शहरातल्या माणसाकडे!"

उपाय तिने आधीच शोधला होता. संगणक लिनक्सवर चालायचे, आणि तिन्हींना फाइली ठेवायचं एकच सामाईक कपाट दिसावं असं सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळायचं. फक्त ते लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, नेमक्या मापाचं लागतं; गाभ्याचा क्रमांक बदलला की ते बसत नाही. सोमवारी तिने गाभ्याचा क्रमांक कळवला. कॉलेजातल्या फत्सानीने त्या मापाचं तयार करून आज मिनीबसने आणलं.

लावलं, तर संगणक नाहीच म्हणाला.

"अमायी, अहो बाई, हा तो क्रमांकच नाही!" फत्सानीचा मंडाझीचा, तळलेल्या गोड वड्याचा, घास हातातच राहिला. "काल काय केलंत?"

"तुम्ही येणार म्हणून झाडलोट! तिन्ही संगणक नवेकोरे अद्ययावत केले. महिन्याचा डेटा संपला त्यात."

"कपड्याचं माप देऊन मग जाड झालात की हो! शिंप्याने काय करायचं?"

अडीच वाजले होते. अबुसा दारात आले. "तोंड का एवढंसं, पोरी?"

तिने सांगितलं. अबुसा खो खो हसले. "परवा आमच्या गायिकांनी नवी चाल बसवली. ढोल काही जुळेना. मग गायलो जुन्या चालीत. ती कुठे पळून गेली होती?"

तमांडानी थबकली. "फत्सानी, नवा गाभा आला तरी जुना आत असतो ना?"

"तुम्ही पुसला नसेल तर."

"पुसणारच होते, तेवढ्यात वीज गेली! आणि मी त्या विजेला काय काय बोलले... देवा, माफ कर."

संगणक पुन्हा चालू करताना यादीतून जुना गाभा निवडला. एक, दोन, तीन. सॉफ्टवेअर मुकाट्याने बसलं. अबुसांनी पहिल्या खोलीत दोन ओळी गायल्या, आणि तिसऱ्या खोलीत त्या गाण्याची फाइल सामाईक कपाटात येऊन बसली.

"आली हो आली!" फत्सानी ओरडला.

ठीक तीनला रेडिओवर हवं तेच प्रवचन सुरू झालं. त्यात अबुसांनी ध्रुपद घेतलं, अंगणात रेडिओ ऐकणाऱ्या बायांनी टाळ्यांनी उचलून धरलं. अध्यक्ष कपाळाला आठ्या घालूनच आत शिरले, पण पाय ठेका धरू लागला.

"अध्यक्षसाहेब, माझ्या कामाचं काय?" तमांडानीने भीतभीत विचारलं.

"तुझंच. आता गप्प बस, ऐकू दे."