बाद केलेला मोजा

जमिनीखालच्या नळीतून केबल ओढताना तिच्या टोकावर पोलादी तारांचा विणलेला मोजा चढवतात आणि त्याला बांधलेला दोर ओढतात. ओढ वाढते, तसा तो अधिक आवळतो. त्याची एक तार जरी तुटलेली दिसली, तरी तो बाद करून तत्काळ कापून टाकावा, म्हणजे पुन्हा कोणाच्या हाती लागत नाही. ओरुरो शहरात मी हा नियम एकतीस वर्षे शिकवला.

एका वर्षी कार्निवलच्या मंगळवारी आम्ही रिवाजाप्रमाणे अवजारांवर बिअर शिंपडली, रंगीत कागदी फिती बांधल्या. बुधवारी एका मोज्यात तीन तुटक्या तारा आढळल्या. मी कातर उचलली.

“माएस्त्रो, काल त्याला बिअर पाजलीत आणि आज गळा चिरताय?” माझ्या हाताखालचा निकानोर कोल्के म्हणाला. “धरणीमाय पाचामामा बघतेय. वर्ष तरी सरू द्या!”

“तिला तुटलेल्या तारा दिसत नाहीत का?”

“दिसतात की! पण ती तुमच्यासारखी भिंग लावून नाही बसत.”

सगळे हसले. मीही हसलो. नोंदवहीत ‘बाद’ असे लिहिले आणि मोजा कोठारातल्या खिळ्याला टांगला.

जूनमध्ये बाजारामागे केबल टाकत होतो. मी दोर गुंडाळून ओढणाऱ्या विंचपाशी होतो, निकानोर दोनशे मीटरवर केबलच्या रिळापाशी. रेडिओवर त्याचा आवाज आला, “नवा मोजा सैल बसतोय, माएस्त्रो.”

“सैल चढवू नकोस. मापाचा घे.”

“आहे एक. अगदी मापाचा.”

कोणता, हे मी विचारले नाही.

केबलचे टोक बाहेर यायच्या सुमारास निकानोर चालत विंचकडे आला आणि नळीच्या तोंडाशी खणलेल्या खड्ड्यात वाकून पाहू लागला. अगदी दोराच्या रेषेत.

“बाजूला हो!” मी ओरडलो.

“आला, आला, दिसतोय…”

तडकल्यासारखा आवाज झाला. दोर उसळून त्याच्या छातीवर बसला. दोराच्या टोकाला अर्धा मोजा लोंबत होता. हाताला टोचू नये म्हणून तुटक्या तारांवर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तिच्याखाली चुरगळलेली गुलाबी फीत.

निकानोरच्या मृत्यूच्या चौकशीत माझी नोंदवही पाहिली गेली. तारीख, कारण, सही सारे यथास्थित होते. मला निर्दोष ठरवण्यात आले.

पुढच्या आठवड्यात निकानोरची बायको बासिलिया त्याचे जाकीट न्यायला कोठारात आली. तिने घडी घातली, दाराकडे वळली आणि चौकशीत ऐकलेल्या त्या रिकाम्या खिळ्यापाशी थांबली.

“माएस्त्रो, बाद होता ना तो?”

“हो.”

“मग इथे कशाला टांगला होतात?”

कातर शेजारच्याच खिळ्यावर होती.