आधी प्लास्टर, मग हाड

मी एक जुना प्लास्टरचा जबडा आहे. दचकू नका मित्रांनो, मी कुणाला चावत नाही. आदिलाबादच्या एका दवाखान्यात काचेच्या कपाटावर बसलेला असतो. अंगावर धूळ आहे आणि खालच्या दातांच्या बाजूने पेन्सिलच्या निळ्या रेघा आहेत. पण दात बघा माझे! वरचे खालच्यांवर कसे नीट बसतात. एवढं एकच काय ते माझ्याकडे मिरवण्यासारखं आहे.

माझा जन्म मयूरीच्या तोंडातला. बेल्याजवळच्या खेड्यातली ही एकोणीस वर्षांची पोरगी. वयात येताना तिच्या खालच्या जबड्याचं हाड जरा जास्तच वाढलं. खालचे दात वरच्यांच्या पुढे आले. समोरच्या दातांनी तिला साधा पेरूसुद्धा तोडता येईना, आणि बोलताना ओढणी आपोआप तोंडाशी जायची. डॉक्टर वनमाला म्हणाल्या, "हाड कापून मागे सरकवता येतं. पण त्याआधी दातांना तारा लावाव्या लागतील."

तारांची एक गंमत असते. गंमत कसली, छळच तो. हाड चुकलेलं असलं की दात बिचारे वाकून वाकून ती चूक झाकत असतात. तारा त्यांना सरळ उभं करतात आणि मग झाकलेलं सगळं उघडं पडतं. म्हणजे ऑपरेशनच्या आधी चेहरा आणखीच वाईट दिसतो. डॉक्टरांनी मयूरीच्या आईला, कुसुमबाईंना, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "ताई, घर शाकारायचं तर आधी जुनी कवेलू उतरवावी लागतात ना? तसंच हे." कुसुमबाईंनी मान डोलावली होती.

दीड वर्षाने दात सरळ झाले. मग डॉक्टरांनी तिच्या तोंडात गारगार लगदा भरून ठसा घेतला, ठशात प्लास्टर ओतलं, आणि मी जन्मलो. जन्मलो तो असा कुरूप की विचारू नका! खालचा जबडा पुढे निघालेला, जसा मयूरीचा, अगदी तसाच.

मित्रांनो, या कामाची रीत अशी, की आधी प्लास्टर कापायचं आणि मगच हाड. डॉक्टरांनी मला बिजागरीच्या चौकटीत बसवलं, रेघा मारल्या, बारीक करवतीने माझा खालचा भाग कापला, मागे सरकवला आणि मेणाने चिकटवला. माझे दात एकमेकांवर बसले. मला फार आनंद झाला हो. मी मनात म्हटलं, आता तुझी पाळी, बाई.

कुसुमबाईंनी मला पाहिलं आणि त्या एकदम बोलल्या, "अगं माय! मंग हेच बसवा ना तिच्या तोंडात, कापाकुपी कायले?" सगळे हसले. मयूरी मात्र हसली नाही. तिने मला हातात घेतलं आणि बिजागरी उघडून मिटली. टक्. पुन्हा टक्. तिच्या स्वतःच्या दातांचा असा आवाज तिने कधी ऐकलाच नव्हता. कापूस वेचून झाला की ऑपरेशन, असं ठरलं.

मधे तामसीला नात्यातलं एक लग्न आलं. मी काही तिथे नव्हतो. कुसुमबाईंनीच नंतर खाली मान घालून सांगितलं ते ऐकलं. भर मांडवात मयूरीचे मोठेबाबा, म्हणजे थोरले काका वामनराव, ओरडले म्हणे, "हे काय करून ठेवलं पोरीचं? कराले गेले गनपती अन् झाला मारुती! तारा नव्हत्या तवा बरी होती." बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्याच दिवशी वामनरावांनी तिला दुसऱ्या दवाखान्यात नेऊन तारा काढायला लावल्या.

"मी सांगितलं नव्हतं का, मधे असं दिसणारच म्हणून?" डॉक्टर चिडून म्हणाल्या.

"सांगलं व्हतं जी," कुसुमबाई म्हणाल्या. "मले कळलं व्हतं. पन लोकाईले कोन सांगन? घरातल्या मोठ्या मानसाचा शब्द, तिथं माहं काय चालते?"

तारा सुटल्या आणि दात मन मानेल तसे सरकू लागले. पुन्हा सुरुवातीपासून सुरुवात करायची होती, पण बेल्याहून कुणी आलं नाही. माझी रवानगी कपाटावर झाली. मी ज्या तोंडाचा होतो, ते तोंडही आता तसं राहिलं नव्हतं. कशाला ठेवलंय मला, देव जाणे.

परवा मायलेकी आल्या त्या पेढे घेऊन. कुसुमबाईंचे डोळे भरले होते. "मॅडम, जमलं पोरीचं! उटनूरकडला पोरगा हाय, गोपाल. आहे तशी पसंत केली त्याईनं! फक्त म्हने, चेहऱ्याले हात लावू नका आता. काही कमी-जास्त झालं तर कोन पाहीन?" त्या माउलीला केवढा आनंद झाला होता! तिला कुणी काय बोलणार? डॉक्टरांनी पेढा घेतला आणि मयूरीलाही एक दिला. तिने भिंतीकडे तोंड करून तो बोटांनी कुस्करला आणि गालाशी, दाढेखाली ढकलला.

कुसुमबाई बाहेरच्या नर्सबाईंना पेढे द्यायला गेल्या तेव्हा मयूरीने हळूच विचारलं, "मॅडम, लग्नानंतर करता येते काय ऑपरेशन?"

"येतं की. केव्हाही येतं."

"मंग तवा कोनाले विचाराव लागन?"

बाहेरून कुसुमबाईंनी बस चुकेल म्हणून हाक मारली आणि मयूरी गेली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण घरात कुणाच्या दुखण्याचा निवाडा करायला बसाल, तेव्हा ज्याचं दुखणं आहे त्याला मधे बसवा. मला कापलं तेव्हा मला कुणी विचारलं नाही. मी प्लास्टर होतो, माझं काय एवढं. ती तर माणूस होती ना? तिला तरी विचारायचं होतं.