परातीखालची अक्षरं

मी ठिपक्यांचा कागद बोलतोय. अंगभर भोकं पडलेला. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मी ऐकून घेणार नाही. माझ्यावरून रांगोळी फिरवली की याच भोकांतून जमिनीवर सारख्या अंतराचे ठिपके पडतात. सोनागिरीतल्या कितीतरी बायकांनी माझ्या जिवावर वाहवा मिळवली आणि नाव सांगितलं स्वतःच्या हाताचं.

मूळचा मी कारखान्यातला जाड ड्रॉइंगचा कागद. काशिनाथरावांनी मला रद्दीतून घरी आणलं आणि त्यांच्या बायकोने, सुचेताबाईंनी, पेटत्या उदबत्तीने एकेक भोक पाडलं. दुखलं. पण नाहीतर मी वाण्याची पुडीच झालो असतो. काशिनाथराव गेले तशी रांगोळी थांबली आणि मी पुढच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला लटकलो. तिथून सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं.

सुचेताबाई शाळेत चौथीपर्यंत. हिंदी शिकल्या दुकानांच्या पाट्यांवरून, इंग्रजी मुलाच्या पुस्तकांवरून. "मला कुणी शिकवलं नाही," असं त्या म्हणाल्या की समोरचा पदवीधर उगाच खाली बघतो. पण ही शहाणी बाई एका जागी अडाणी निघाली. मुलाने, अनिकेतने, चीनमध्ये नोकरी धरली आणि तिथल्याच मेईशी लग्न ठरवलं. "मी येणार नाही," म्हणून बाईंनी फोन आपटला.

लग्नाचा फोटो आला. वराच्या आईची खुर्ची मांडलेली होती, रिकामी. मेईच्या आईने तिच्यावर कुणाला बसू दिलं नव्हतं म्हणे. त्या दिवशी बाईंचं ताट वाढलेलं तसंच राहिलं.

"दिवाळीला विहीणबाई येतायत," बाईंनी शेजारच्या क्षितिजाला सांगितलं. "मला त्यांची माफी मागायचीय. त्यांच्या भाषेत."

"मेई सांगेल ना, आजी."

"माफी दुभाष्याकडून मागतात होय गं?"

मग फोनवरून चिनी बोलण्याचे धडे सुरू झाले. बाई कुकरच्या शिट्ट्यांवर ओरडून पाठ करायच्या. अक्षरं शिकायची की नाही, यावर मात्र खल झाला.

"कशाला डोकं खपवता, आजी? हजारो आहेत ती. बोलणं आलं की बस हो गया. लिहायला फोन है ना!"

"खरंय. माफी तोंडानेच मागतात," बाई म्हणाल्या. मीही मनात मान डोलावली. कागद असून!

दिवाळी तोंडावर आली आणि बाईंनी अनिकेतला फोनवर आपली चिनी ऐकवली. तो खूश झाला, मग अडखळला.

"आई, पण मेईच्या आईला ही चिनी कळत नाही गं. त्या आपल्या गावचीच बोली बोलतात. अक्षरं मात्र सगळीकडे तीच. वाचतात त्या."

"मग आधी नाही सांगायचं?"

"त्यांच्याबद्दल तू कधी विचारलंस का?"

बाईंनी फोन हळूच खाली ठेवला. या वेळी आपटला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. जमिनीवर ठिपके पडले आणि फोनमधलं अक्षर त्या ठिपक्यांवर चढू लागलं. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पुसायचं, पुन्हा काढायचं. चिमटीला रांगोळीची सवय होतीच. 'चुकलं, माफ करा' एवढ्यापुरती तीन अक्षरं बसली.

अनिकेत आणि मेईबरोबर विहीणबाई आल्या तेव्हा ती उंबऱ्याबाहेर काढलेली होती. बाई दारात हात जोडून उभ्या. विहीणबाईंनी वाचलं. पाऊल मागे घेतलं. मग गुडघ्यावर हात टेकवत खाली बसल्या, वाटीतली चिमूटभर रांगोळी उचलली आणि खाली आणखी तीन अक्षरं काढली.

बाईंना ती येत नव्हती!

मेई वाचायला वाकली. "थांब! सांगू नकोस," बाई ओरडल्या. "मला लिहिलेलं उत्तर मीच वाचीन."

त्यांनी अक्षरांवर मोठी परात पालथी घातली. पाहुण्यांना मागच्या दाराने आत घेतलं. सगळी दिवाळी दूधवालासुद्धा मागूनच आला. क्षितिजाने चिनी बालवाडीचं पुस्तक मिळवलं. बाई परात उचलायच्या, बघायच्या, पुस्तक चाळायच्या. शेजारी विहीणबाई करंज्या खात बसायच्या, पण एकदाही मदत केली नाही. 'माफ केलं' असेल की 'कधीच नाही'? बाईंची झोप उडाली होती.

पाहुणे निघायच्या सकाळी बाईंनी परात उचलली आणि बोट ठेवत सावकाश वाचलं, "पुढच्या... वेळी... या."

विहीणबाईंनी मान डोलावली. मेईने हसून पोटावर हात ठेवला. "बारशाला," ती म्हणाली. बाईंनी पदर तोंडाला लावला.

पुढचं दार आता उघडं असतं. माझी घडी फाटलीय, भोकं एकमेकांत शिरलीत. तरी मला टाकू नका. आयुष्यात पहिल्यांदाच बाईंनी पासपोर्ट काढायला घेतलाय आणि कपड्यांच्या आधी बॅगेत मला ठेवलंय. तिकडच्या उंबऱ्यावर मला ठिपके पाडायचेत.