पांढरं अस्तर

"आर्सेसियोभाऊ, गादी अजून थोडी वर धरा. शिवण दिसू दे."

मी धरली. माझं किराणा दुकान जवळच आहे, त्यामुळे गल्लीत काहीही जड उचलायचं झालं की लोक आधी मला बोलावतात. तब्येतीची चौकशी नंतर करतात.

खोली रोसाल्बाबाईंची होती. त्या आमच्या प्रार्थनामंडळाच्या प्रमुख. दारात उभ्या राहून दंड खाजवत म्हणाल्या, "पुरळ आहे हो. उष्णतेचं."

"उष्णता अशी एका ओळीत चावत नाही," एदेल्मिराबाई म्हणाल्या.

एदेल्मिराबाईंचा सारा जन्म मानिसालेस शहरातल्या एका हॉटेलात पलंग आवरण्यात गेला. त्यांनी ओली केलेली साबणाची वडी शिवणीवरून हळूच फिरवली. कापडावर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके होते. ओल्या फडक्याने पुसल्यावर ते गंजासारखे पसरले. दुमडीत कॉफीच्या दाण्यांच्या फोलपटांसारख्या पातळ, रिकाम्या काती. उशाच्या फळीमागून नासक्या फळाचा गोडसर वास येत होता. त्यांनी वडी उलटी करून दाखवली. तिला चिकटलेला एक पुरावा पाय हलवत होता.

"ढेकूण," त्या म्हणाल्या, वाढप्याने सूप संपल्याचं सांगावं अशा आवाजात.

रोसाल्बाबाई मटकन पलंगावर बसल्या, आणि त्याहून वेगाने उठल्या.

आठवडाभरात आणखी चार घरांत तीच मिरपूड निघाली. मग माझ्या दुकानात सभा भरली. आरोपी आधीच ठरलेला होता: एदेल्मिराबाईंकडे राहणारी योलिमार. ही पोर व्हेनेझुएलातून पायी आलेली, थर्मासमधून कॉफी विकणारी.

"आता मला सांगा," फाबियो न्हावी म्हणाला, "सगळ्यांना चावतात, आणि एदेल्मिराबाईंच्याच घरात कुणाला चावत नाहीत. का?"

"का?"

"कारण ढेकूण त्यांचे! घरच्या माणसाला कोण चावतं?"

मी लग्न झालेला माणूस. या मुद्द्यावर मला बरंच बोलता आलं असतं.

"पोरगी रविवारपर्यंत गेली पाहिजे," रोसाल्बाबाई म्हणाल्या. "नाहीतर माता त्या घरी जाणार नाही."

माता म्हणजे आमची फिरती मारिया माता. काचेचं दार असलेली लाकडी पेटी, आत लाल मखमल, मखमलीवर हातभर मूर्ती. एकेक दिवस एकेका घरी मुक्काम. रात्री पेटी पलंगाच्या उशाशी ठेवायची, म्हणजे आशीर्वाद झोपेतही मिळत राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माता आमच्याकडे आली. एदेल्मिराबाई मीठ न्यायला आल्या, तेव्हा पेटी अजून गल्ल्यापाशीच होती. त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"ही कुठून कुठून आली हो?"

मी घरं सांगत गेलो. पाचवं नाव सांगताना माझ्याच लक्षात आलं की खाज याच क्रमाने आली होती.

एदेल्मिराबाईंनी छातीवर क्रूस केला, "माफ कर, आई," म्हणाल्या, आणि मखमलीची कड उलटी केली. मिरपूड.

"मग तुमच्या घरी कसे नाहीत?"

"मी हिला उशाशी नाही, चुलीपाशी ठेवते. डोंगरावरची ही थंडी, आणि बिचारीच्या अंगात पातळ झगा."

"चला, सांगू सगळ्यांना!"

"काय सांगणार? मातेने आणले म्हणून?" त्या म्हणाल्या. "मुलगा गेल्यापासून रोसाल्बाला झोप नाही. ही उशाशी असते तेवढीच एक रात्र डोळा लागतो तिचा. ती पण काढून घेऊ?"

"आणि योलिमार? ती कुठे जाईल?"

"ती कुठेही जाणार नाही."

मखमल त्यांनी पिशवीत बांधून नेली. माता पेटीसकट माझ्या फ्रीझरमध्ये गेली, नारळाच्या आईसकांड्यांच्या शेजारी. गारठ्याने ढेकूण मरतात, हे बाईंना हॉटेलामुळे ठाऊक होतं. मूर्तीचा रंग दुरुस्तीला दिलाय, असं मी गल्लीत सांगितलं. ते काही दिवस मी आईसकांडी काढतानाही क्रूस करत होतो.

रविवारी प्रार्थना संपवून लोक बाहेर आले, तर एदेल्मिराबाई स्वतःची गादी ओढत रस्त्यावर आणत होत्या. हॉटेल सोडताना घेतलेली, जाड, कापसाची. जन्मभर दुसऱ्यांच्या असल्या गाद्यांवर चादरी ताणून झाल्यावर मिळालेली पहिली.

"मावशी, नका ना," योलिमार रडत कुजबुजली. "स्वच्छ आहे ती. तुम्हीच बघितलीत."

"गप. ते टोक धर."

मग गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ढेकूण माझ्या गादीत होते. हॉटेलातून आले असतील. पोरीचा काही दोष नाही."

लोक दोन पावलं मागे सरले. "मी म्हटलंच होतं," फाबियो म्हणाला, जरी त्याने दुसरंच म्हटलं होतं.

"आधी सांगायचंत," रोसाल्बाबाई म्हणाल्या.

"चुकलंच," एदेल्मिराबाई म्हणाल्या.

मोकळ्या जागेत गादी पेटवली. तिच्या पोटात मखमलीची पिशवी होती. बराच वेळ पेट घेईना. माल चांगला होता.

पुढे त्यांनी घरोघरी जाऊन चादरी उकळल्या, पलंग खोलले, शिवणींवरून गरम इस्त्री फिरवली. लोक त्याला प्रायश्चित्त म्हणाले, आणि गुळाचं गरम पाणी दिलं, दाराबाहेर. पेटीला त्यांनीच हॉटेलातल्या जुन्या चादरीचं पांढरं अस्तर शिवलं.

"मातेला लाल शोभतं हो," माझी बायको म्हणाली.

"शोभतं. पण लालवर काही दिसत नाही."

योलिमार राहिली. माता पुन्हा फिरू लागली. फक्त एक घर तेवढं वगळायचं ठरलं. काल रोसाल्बाबाई आमच्याकडून पेटी घेऊन निघाल्या. एदेल्मिराबाई आपल्या दारात उभ्या होत्या. तिथे पोचताच रोसाल्बाबाईंनी नजर समोर ठेवून पावलं उचलली. पेटी पुढून जाताना एदेल्मिराबाई किंचित वाकल्या. लोकांना वाटलं, नमस्कार करताहेत. मी समोर माझ्या दुकानातून बघत होतो. त्या अस्तराची शिवण बघत होत्या.

मग सरळ झाल्या आणि आत गेल्या. उघड्या खिडकीतून मला त्यांचा पलंग दिसत होता: उघड्या फळ्यांवर अंथरलेली एक घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, आणि चारही कोपरे हॉटेलातल्यासारखे घट्ट आत दुमडलेले.