पोकळ फुलं

कोवळ्या डांगराला, लाल भोपळ्याला, सरळ बोट दाखवू नये, ते कुजतं. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून दाखवावं. पडेगावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शहरातून आलेल्या राहतबाईला, म्हणजे मला, नव्हतं. ठाऊक असतं तरी मी ऐकलं असतं असं नाही. माझा स्वभावच तसा.

त्रेसष्ट सालचा श्रावण होता. सातवीत पाच मुली. फुलाचे भाग फळ्यावर शिकवणं मला जिवावर यायचं. पोलीस ॲक्शनच्या साली मी उर्दू शाळेत सहावीत होते, तेव्हा फुलाची आकृती घोकून पाठ केली होती आणि दाराशी फुललेली जास्वंद एकदाही उकलून बघितली नव्हती. माझ्या मुलींचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

म्हणून त्यांना घेऊन मनकर्णाच्या घरी गेले. ती माझ्या वर्गातली, दर दोन वाक्यांना "कामून?" विचारणारी. तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, गोठ्याच्या कुडावर डांगराचा वेल चढवला होता आणि तो नुकताच फुलू लागला होता. "हे नर फूल, नुसत्या देठावर. हे मादी फूल, याच्याखाली बघा, गोटीएवढं डांगर. नराला फळ धरत नाही, मादीला धरतं." मी बोटानं दाखवत गेले, मुली बोटानं मोजत गेल्या. तेवढ्यात शाळेची घंटा वाजली आणि आम्ही पळालो.

पंधरा दिवसांनी मनकर्णाची जागा रिकामी दिसली. तिसऱ्या दिवशीही रिकामीच, तेव्हा मी तिच्या घरी गेले.

द्वारकाबाईंनी मला दारातच धरलं. "या, बघा. येक डांगर ऱ्हायलं नाय. गोटीयेवढं दिसतं, पिवळं पडतं आन गळतं. दर साली वीस-पंचवीस निघत्यात. तुमी बोटं दावली, पोरींनी दावली. आता मनकर्णा शाळंत यायची नाय. शिकून घराचं वाटोळंच करायचं आसंल तं घरीच बरी."

"बोट दाखवून डांगर गळत नाही, द्वारकाबाई."

"मंग कशानं गळतं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मनकर्णा गोठ्यात गवऱ्या थापत होती. तिचे हात थांबले होते, ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. मला इतका राग आला, आणि तो सगळा माझाच मला आला.

"आठ दिवस द्या," मी म्हटलं. "कशानं गळतं ते दाखवते. नाही दाखवता आलं तर पोरगी मागायला या दारात पुन्हा येणार नाही."

"वेलाला हात लावायचा नाय."

"नाही लावत."

मी पडेगावातच खोली घेऊन राहत होते. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जाऊन वेलासमोर घमेलं पालथं घालून बसले. तीन मादी फुलं उमलली होती. एक तांबडा भुंगा पानं कुरतडत होता. मला वाटलं, सापडला चोर. पण तो पानं सोडून कशाला तोंड लावीना. मधमाश्या फुलात शिरत आणि आत गेल्या तशाच कोऱ्या बाहेर येत. दहाच्या सुमाराला फुलं मिटली. शाळेकडे निघाले तेव्हा अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. एवढ्या वेलावर नर फूल एकही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना पोचले. द्वारकाबाई हातात टोपली घेऊन फुलं खुडत होत्या, नुसत्या देठावरची, वेचून वेचून.

"ही पोकळ फुलं," त्या म्हणाल्या. "फुकट वेलाचं बळ खात्यात. भजी तरी व्हत्यात. पोरीनंच सांगितलं, नराला फळ धरत नाय म्हून. तुमीच शिकवलं न्हवं?"

गप्प राहता आलं असतं. यंदा माश्या कमी, पाऊस जास्त, असं काहीही सांगून शिक्षिकेचा मान राखता आला असता. पण मनकर्णा दारात उभी होती.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी अर्धंच सांगितलं. नर फुलातली पिवळी भुकटी माशीच्या अंगाला लागते, ती मादी फुलात पडली तरच खालचं डांगर भरतं. नाहीतर गळतं."

"तवा येक, आज येक. कोणचं खरं धरू?"

"कोणतंच धरू नका. डोळ्यांनी बघा."

मी बेत सांगितला: उद्या उमलणाऱ्या दोन मादी कळ्यांची तोंडं संध्याकाळीच दोऱ्यानं बांधायची, माशी शिरायला नको. सकाळी एक उघडून तिच्यात नर फूल घासायचं, पुन्हा मिटून देठाला लाल दोरा. दुसरी तशीच मिटलेली, तिला पांढरा. मी तेवढं एकच नर फूल मागितलं.

"हात पोरीचा लागंल," द्वारकाबाई म्हणाल्या. "तुमचा नाय."

मनकर्णानं ते काम श्वास रोखून केलं. तिच्या बोटांना पिवळं लागलं ते तिनं पुसलं नाही.

दोन दिवस दोन्ही डांगरं सारखीच दिसली. तिसऱ्या दिवशी पावसानं असं झोडपलं की मला वर्गात बसवेना. मी भीत होते, सरळ सांगते. माझं शास्त्र खोटं ठरेल म्हणून नाही. एका पावसानं ती पोरगी जन्मभर गवऱ्या थापील म्हणून.

मुदतीच्या आठव्या दिवशी गेले. पांढरा दोरा चिखलात पडला होता, सुरकुतलेल्या पिवळ्या गोटीसकट. लाल दोऱ्याचं डांगर मोसंबीएवढं झालं होतं. मी ते दाखवायला हात पुढे केला आणि माझं बोट आपोआप दुमडलं गेलं. द्वारकाबाईंनी ते बघितलं.

"तसंच ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पोकळ फुलं आता तोडायची नाय, पटलं. बोटाचं मातर मी सोडणार नाय." मग आत वळून म्हणाल्या, "मनकर्णे, दप्तर घे." आणि मला म्हणाल्या, "बाई, सांगायचं तं पुरतं सांगत जा. आमी तुमचं खरं धरतो."

मी मनकर्णाला घेऊन शाळेकडे निघाले.

त्या दिवशी वर्गात बी कसं रुजतं ते चाललं होतं. घंटा झाली, मुली दप्तरं आवरून उठल्या.

"बसा," मी म्हटलं. "अजून संपलं नाही."

सगळ्यांत आधी मनकर्णा बसली.