नजर जाऊ शकते

पुढे आलेला डोळा काढून टाकायचा, असा दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांचा, आबासाहेबांचा, खाक्या होता. डॉ. सरोजिनी हट्टाला पेटल्या होत्या. मंद्रूपच्या मायाक्काचा एक डोळा असाच पुढे आला होता, पण त्याने तिला लख्ख दिसत होतं, फक्त बुबुळ वळत नव्हतं. म्हणजे दुखणं डोळ्यात नव्हतं, डोळा फिरवणाऱ्या स्नायूत होतं.

"स्नायूत कसली गाठ? उगाच खूळ!" आबासाहेब म्हणाले.

"तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मग बोला."

मायाक्काला त्यांनी स्पष्ट सांगितलं, "तुकडा काढताना नजर जाऊ शकते."

"जाऊ द्या की! त्याच्यासाटनंच आलीया."

काय धीराची बाई, असं सरोजिनींना वाटलं. टेबलावर पडल्यावर मायाक्का इकडेतिकडे पाहू लागली.

"बाई, तुमच्या मीठ-मोहऱ्या कुटं हायती? का माझ्याच काढू? जावंची नजर हाय, लई वाईट. तशी कशी जाईल?"

सरोजिनींनी हातातली सुरी खाली ठेवली. तिचा चांगला डोळा त्यांनी फडक्याने बांधला, आजारी डोळ्यावर तळहात धरला. "नजर गेली म्हणजे या डोळ्याला हे असं. कायमचं."

मायाक्का तडक उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसली.

"सांगितलंस कशाला? उरकून टाकायचं," आबासाहेब हसले. सरोजिनींना त्यांचा भयंकर राग आला.

बऱ्याच वेळाने मायाक्का दारात आली. "न्हाय कापलं तर?"

"रोग कळणार नाही. मग हे डोळाच काढतील, आणि रोग राहिला तर जीवावर बेतेल."

ती गुमान टेबलावर आडवी झाली. "कापा. पन हात थरथरू देऊ नका."

हात थरथरला नाही. काचेखाली स्नायूच्या धाग्यांत बारीक गोल पेशी खच्चून भरलेल्या दिसल्या. लिंफ पेशींचा कर्करोग, तोही डोळ्याच्या स्नायूत! आबासाहेबांनी दोनदा वाकून पाहिलं आणि मुंबईला क्ष-किरणांच्या उपचाराची चिठ्ठी स्वतःच लिहिली. डोळा काढायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

सरोजिनींनी पट्टी सोडली. मायाक्काने चांगला डोळा हाताने झाकला.

"बाई, कुकू वाकडं झालंय तुमचं."

सरोजिनींना हसू आणि रडू एकदमच आलं. रोग वाईट होता आणि पुढे मुंबई होती, हे त्यांनी काही न लपवता तिला सांगितलं. मायाक्काने ऐकून घेतलं आणि कनवटीची पुरचुंडी सोडली. त्यात मीठ-मोहऱ्या होत्या.

"ह्या माझ्यासाटनं आनल्या हुत्या. बसा हितं, तुमची नजर काढते."

असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नसलेल्या सरोजिनी मुकाट्याने स्टुलावर बसल्या.