थोरल्या पातीची सुई

मित्रांनो, परकराच्या नेफ्यात नाडी ओवायला तुमच्या घरी एखादी वाकडी सळई असेल. तिला जरा निरखून बघा. तिच्या डोक्यावर आकडा कोरलेला असेल, तर ती माझ्याच कुळातली आहे आणि मनातून फार चिडलेली आहे.

मी लोकर विणण्याची नऊ नंबरची सुई. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवते ती देवासची, माताजीच्या टेकडीखालची नवरात्रातली जत्रा. "ले जाव बाई, पक्को माल है," असे म्हणत एका फेरीवाल्याने मला आणि माझ्या जोडीदारणीला यमुनाबाईंच्या हातात ठेवले.

यमुनाबाई थोरल्या पातीच्या होत्या. हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. त्या काळी देवास गाव एकच, पण त्यात राज्ये दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. राजे दोन, दरबार दोन. रस्त्याच्या अलीकडे एक राज्य आणि पलीकडे दुसरे! यमुनाबाईंचे यजमान दत्तोपंत थोरल्या दरबारात कारकून होते, त्यामुळे बाईंची मान नेहमी चार बोटे वरच असे.

त्यांचे विणकाम मात्र खरोखर देखणे होते. टाका एकसारखा आणि घट्ट. शेजारणी तोंडभर कौतुक करीत. पण वेगाचे काय विचारता! बाई लोकर उजव्या हातात धरीत. प्रत्येक टाक्याला मला सोडायचे, लोकर माझ्याभोवती फिरवायची आणि पुन्हा मला धरायचे. एका ओळीत साठ टाके, म्हणजे साठ वेळा मी अधांतरी. माझा जीव अगदी मेटाकुटीला येई.

पुढे अठ्ठेचाळीस साली दोन्ही राज्ये मध्यभारतात विलीन झाली. दत्तोपंतांची नोकरी गेली. ते दिवसभर झोपाळ्यावर बसून कड्यांकडे बघत राहत. घर कसे चालवावे, हा यमुनाबाईंना घोर लागला. अशातच मुलींच्या शाळेत विणकामाच्या बाईंची जागा रिकामी होणार असल्याचे कळले. तिथे शिकवणाऱ्या विद्युल्लताबाई धाकट्या पातीच्या. त्यांच्या यजमानांची कुक्षीला बदली झाली होती. एके दुपारी त्या आपण होऊन रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्या.

"यमुनाताई, मोठ्या बाई परीक्षा घेतात. तीन तासांत टोपी पुरी करायची. तुमचा टाका माझ्याहून सरस आहे, पण अशानं ती पुरी व्हायची नाही. लोकर डाव्या तर्जनीवर घ्या. सुईनं ती नुसती उचलायची. हे बघा."

त्यांनी मला हातात घेतले, आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला! कुणी मला सोडत नव्हते, फिरवत नव्हते. मी बोटावरची लोकर उचलीत होते आणि टाका आपसूक पडत होता. चुलीवरचा चहा उकळायच्या आत ओळ संपलीसुद्धा.

बारा वर्षांची इंदू आईला बिलगली. "आई, मी शिकू?"

"गप बस," यमुनाबाई म्हणाल्या. "आमच्यात चांगल्या कामाला डावा हात पुढे करीत नाहीत. आणि धाकटीनं थोरलीला शिकवावं, इतकं काही आमचं राज्य बुडालेलं नाही."

"राज्य बुडालंच की हो," विद्युल्लताबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचंही आणि आमचंही." त्यांनी मला खाली ठेवले आणि त्या निघून गेल्या.

मला ओरडावेसे वाटले. पण सुईला तोंड कुठे असते?

परीक्षा झाली. तीन तास संपले तेव्हा आमच्या टोपीचा शेंडा उघडाच होता. "काम सुरेख आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण आमच्या एकेका वर्गात चाळीस मुली आहेत हो, इतक्या सावकाशीनं कसं चालेल?" जागा इंदूरच्या एका बाईंना मिळाली.

घरी येऊन यमुनाबाईंनी सगळा राग आमच्यावर काढला. "मेल्या सुयाच जड आहेत!" त्या दिवसापासून आमची रया गेली. जोडीदारणीला तुळशीच्या कुंडीत रोपाला आधार म्हणून खोचले. मला घालून डब्याचे झाकण उचकटले, त्यात मी वाकले, आणि मग माझ्या नशिबी नाड्या आल्या. यमुनाबाई दुसऱ्यांच्या घरी पापड लाटायला जाऊ लागल्या. हे सारे कशापायी? एका बोटापायी!

सात वर्षे गेली. शाळेतली तीच जागा पुन्हा रिकामी झाली, आणि या वेळी अर्ज इंदूने केला. ती शेजारच्या सुया मागून आणून सराव करीत बसे. लोकर उजव्या हातात, अगदी आईसारखी. सोडायचे, फिरवायचे, धरायचे. यमुनाबाई दाराशी उभ्या राहून बराच वेळ बघत होत्या.

मग त्या अंगणात गेल्या आणि त्यांनी तुळशीतून जोडीदारणीला उपसून आणले. नाडीच्या डब्यातून मला काढले. पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकून सरळ केले, राखेने घासले. "आण ती लोकर इकडे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी लोकर डाव्या तर्जनीवर घेतली.

पहिले दोन टाके अडखळले. मग मी चालू लागले. म्हणजे त्या दुपारी बाईंनी सगळे नीट बघून ठेवले होते! बघितले होते, आणि सात वर्षे गिळून टाकले होते.

इंदू थक्क झाली. "आई, तेव्हा तर तू मला गप बसवलंस! मग हे कुठं शिकलीस तू?"

यमुनाबाईंनी मान वर केली नाही. "धाकट्या पातीत," त्या म्हणाल्या.

इंदूने टोपी वेळेच्या आधी पुरी केली आणि ती जागा तिला मिळाली. आनंद मलाही झाला, पण माझा राग काही पुरता गेलेला नाही. मित्रांनो, आम्हा सुयांना झाकणे उचकटायला वापरू नका. आणि कुणी रस्ता ओलांडून काही शिकवायला आले, तर त्याच दिवशी शिकून घ्या. मी सात वर्षे नाड्या ओवल्या आहेत.